सगळ्यांचा पहिला बाक

दरेकसाच्या वाटेवरच्या एका शाळेत, चौथीतल्या आचलला पहिल्या बाकावर बसवण्याचा निर्णय रीतसर घेण्यात आला. आचलला ऐकू फार कमी येतं. बाईंचे ओठ दिसले तरच तिला धडा कळतो. मागं बसली की तिच्या वाट्याला नुसत्या वेण्या आणि मानगुटी. गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षकांनी, हेमेंद्र सरांनी, तिची ‘वैयक्तिक शिक्षण योजना’ केली : पहिला बाक, आणि बाईंनी वर्गाकडे तोंड करून बोलावं. तिची आई मंदाबाई धानाच्या रोवणीच्या चिखलातून तशीच आली, सही केली आणि आनंदानं रडली.

बस्स, इथंच थांबायचं होतं. पण एकाच्या घरी काही आलं आणि शेजाऱ्याच्या पोटात दुखलं नाही, असं कधी झालंय का?

दुसऱ्याच दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष भैयाजी मुख्याध्यापक केशोरावांपुढे उभे. “गुरुजी, आमच्या गजेंद्रले काऊन नाई योजना?”

“त्याचे कान चांगले आहेत, भैयाजी.”

“म्हंजे कान चांगले हायेत म्हून पोरावर अन्याय? वा रे वा!”

केशोराव बदलीला भारी भीत. गजेंद्रची योजना झाली. मग सुलोचनाबाई आल्या. “माहा देवानंद सांगतलेलं आयकतच नाई जी!” नोंद झाली : निवडक श्रवणदोष. रेणूला जेवल्यावर झोप येत होती. तोही दोष ठरला. ज्यांच्यात काहीच सापडेना, त्यांच्यापुढं लिहिलं, ‘दोषांचा गंभीर अभाव’. उपाय सगळ्यांना एकच, पहिला बाक.

आता योजना म्हणजे योजना. केशोरावांनी सगळे बाक शेजारी शेजारी, एकाच रांगेत लावले. भिंत आडवी आली. भिंतीच्या नावे कोणतीच योजना नसल्यामुळे तिला पाडण्यात आलं. रांग व्हरांड्यातून निघाली, हातपंपाला वळसा घालून थेट बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर, पाण्याच्या काठी पोहोचली. फळ्यासमोर गजेंद्र. आणि आचल? योजनेचा लाभ सर्वांत आधी घेतल्याबद्दल ती शेवटी, पाळीवर. तिच्या शेजारी एक बगळा बसे. त्याचाही प्रस्ताव विचाराधीन होता.

मंदाबाईचा जीव तुटत होता. “गुरुजी, तिले तिथून बाईचं तोंड तरी दिसते का?”

“तिच्यासमोर एकही डोकं नाही, मंदाबाई. पहिलाच बाक आहे. तक्रार नियमात बसत नाही.”

“अवो, पोरगी बगळ्याची चोच वाचून राहिली, गुरुजी!”

पालकांची सभा बोलावली. सगळ्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. भैयाजींनी दुपट्ट्यानं नाक पुसलं, सुलोचनाबाईंनी पदरानं डोळे टिपले. आचलला ताबडतोब फळ्यासमोर आणावं, असा ठराव टाळ्यांच्या गजरात एकमतानं मंजूर झाला.

“मंग कोणाचं पोरगं उठवता?” मंदाबाईनं विचारलं.

टाळ्या थांबल्या. भैयाजींना कोहमाऱ्याला जायचं तातडीचं काम आठवलं. सुलोचनाबाईंच्या घरी चुलीवर दूध होतं.

काय हे लोक, म्हणून तुम्हाला राग आला ना? यायलाच पाहिजे, काळीज आहे तुमच्याजवळ. तर मग असं करू, उद्यापासून तुमचं पोर पाळीवर बसवू आणि त्याच्या जागी आचलला. चालते ना?

अहो, पान कुठं उलटता?