पंतप्रधानांचे केस पिकत नाहीत

पंतप्रधानांना पदावर येऊन चार वर्षे झाली होती आणि त्यांच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता. ही गंभीर बाब प्रथम विरोधी पक्षनेत्यांच्या निदर्शनास आली. त्यांनी भर सभागृहात आधीच्या पाच पंतप्रधानांची छायाचित्रे फडकावली. प्रत्येकाची दोन, एक शपथ घेतानाचे आणि एक पायउतार होतानाचे.

"या पाचही जणांनी देशाच्या काळजीनं केस पिकवले," ते गरजले. "आणि हे गृहस्थ पाहा! यांना देशाची काडीइतकी काळजी असती, तर निदान मिशी तरी पिकली असती!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंतप्रधान निवासाच्या न्हाव्याला तातडीचे बोलावणे आले. बावन्न वर्षांचा, सरळमार्गी, हातात कात्री असेपर्यंत तोंड न उघडणारा हा माणूस. दर सोमवारी तो साहेबांचे केस कापायचा आणि साहेब खुर्चीत घोरायचे. खासगी सचिवांनी दार लावून घेतले.

"खरं सांगा. एकसुद्धा नाही?"

"डाव्या कानात एक आहे, साहेब. पण तो पदभार घेण्यापूर्वीचा आहे."

"म्हणजे आपल्या कारकिर्दीत धरता येणार नाही." सचिव खिन्न झाले. "काय करावं या माणसाचं! पडल्या पडल्या झोप लागते, दगड खाल्ला तरी पचतो. बाहेर कळलं तर सरकार पडेल हो!"

तीन मंत्रालयांची संयुक्त समिती बसली. पूर आल्यास किती टक्के केस पिकावेत, महागाईने किती, शेजारी राष्ट्राने डोळे वटारल्यास किती, याचे तिने एक कोष्टकच तयार केले. त्यानुसार साहेबांचे एकतीस टक्के केस पांढरे असणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात शून्य. ही तूट न्हाव्याने पंधरा दिवसांत भरून काढावी, असा आदेश निघाला.

न्हावी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "अगं, तीस वर्षं पांढऱ्याचं काळं करत आलो. आता काळ्याचं पांढरं करायला सांगतायत."

"त्यात काय एवढं?" भाजी चिरता चिरता बायको म्हणाली. "काळ्याचं पांढरं करणारे तिथे खंडीभर बसलेत. त्यांनाच विचारा की!"

पहिला प्रयत्न फसला. केस पांढरे होण्याऐवजी पिवळेधमक झाले. तो रंग नेमका एका मित्रपक्षाच्या झेंड्याचा निघाला आणि दुसरा मित्रपक्ष रुसून बसला. त्यांची समजूत काढायला दोन राज्यमंत्रिपदे खर्ची पडली. दुसऱ्या प्रयत्नात मात्र कानशिलांवर अशी काही रुपेरी झाक उतरली, की साहेब दूरचित्रवाणीवर आले आणि देश हळहळला. "किती झिजला हो बिचारा!" म्हणत बायकांनी डोळ्यांना पदर लावला. साहेबांनी त्या भाषणात काय सांगितले, ते कोणालाच आठवत नव्हते.

झाले! मग सगळे मंत्रिमंडळ न्हाव्याच्या दारात उभे राहिले. कोणत्याही मंत्र्याचे केस पंतप्रधानांपेक्षा अधिक पांढरे असू नयेत, असे परिपत्रक काढावे लागले. अर्थमंत्र्यांना मुळात टक्कल होते. ते संतापले. "माझे गळाले, ते काय गंमत म्हणून?" यावर कायदा विभागाचा सल्ला घेऊन, गळालेला प्रत्येक केस पूर्ण पांढरा समजण्यात येईल, असा निर्णय झाला. त्यासरशी अर्थमंत्री पंतप्रधानांपेक्षा ज्येष्ठ ठरले आणि त्यांचा राजीनामा घ्यावा लागला.

विरोधकांची मागणी चढतच गेली. दुष्काळ पडला तेव्हा भुवयाही पांढऱ्या झाल्या. कारखाने बंद पडले तेव्हा डोळ्यांखाली काळी वर्तुळे काढायला नाटकमंडळीतला रंगभूषाकार आला. पाऊस पाडणे आणि कारखाने उघडणे यांसाठी मात्र कोणालाच बोलावणे गेले नाही. न्हावी पहाटेपासून अठ्ठावीस मंत्र्यांची डोकी घासत होता. त्याची पाठ वाकली.

एका सोमवारी साहेब खुर्चीत घोरण्याऐवजी आरशातून त्याच्याकडे टक लावून पाहत होते.

"काय हो, तुमचे पांढरे केस किती खरे वाटतात! काय लावता?"

"काही नाही, साहेब. आपोआप झालेत."

"आपोआप?" साहेब उठूनच बसले. "ते कसं करायचं?"

न्हाव्याने कात्री खाली ठेवली. "काम करायचं, साहेब."

सचिवांनी ते लिहून घेतले आणि व्यवहार्यता तपासण्यासाठी समितीकडे पाठवले. समितीने ते फेटाळले.

वर्षभरात निवडणूक आली. विरोधी पक्षाने एक तरतरीत तरुण उभा केला. त्याचे केस काळेभोर होते आणि घोषणा एकच होती, 'थकलेले सरकार नको!' मतदानाच्या दिवशी न्हावी बायकोला घेऊन रांगेत उभा राहिला. अधिकाऱ्याने त्याचे ओळखपत्र पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, मग पुन्हा ओळखपत्र पाहिले.

"हे तुम्ही नाही."

"मीच आहे, साहेब. पाच वर्षांपूर्वीचा."

"पाच वर्षांत माणूस एवढा म्हातारा होतो? तुम्ही काय पंतप्रधान होतात?"

त्याला बाजूला काढण्यात आले. तिथे त्याच्यासारखी पन्नासेक माणसे आधीच उभी होती. एक शिक्षिका, दोन बसचालक, एक परिचारिका. ओळखपत्रावर सगळे काळे, डोक्यावर सगळे पांढरे. बायकोच्या केसांना मात्र न्हाव्याने आदल्याच दिवशी कलप लावला होता. ती आत गेली आणि बोटाला शाई लावून बाहेर आली.

"कुणाला दिलंस?"

"त्या तरुणाला. आधीचा किती थकलेला दिसायचा हो!"

"अगं, ते मीच केलं होतं! तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. पण दिसायचा ना!" ती म्हणाली. "तुम्ही कुणाला देणार होतात?"

पाच वर्षे साहेबांचे डोके न्हाव्याच्या हातांत होते. त्याने ते वळवले होते, धुतले होते, रंगवले होते. आत काय आहे, हे विचारावे असे एकदाही त्याच्या मनात आले नव्हते. त्याने मागे रांगेकडे पाहिले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लोक दोन्ही उमेदवारांचे फोटो शेजारी शेजारी धरून अगदी बारकाईने केस पाहत होते.

तुम्ही रांगेत बरेच मागे होतात, म्हणून तुम्हाला या नवराबायकोचं बोलणं ऐकू आलं नसेल.