हे बाहेर गेले की

"तीन कॉम्प्युटर, एक रविवार, आणि गाणी एकदम शिस्तीत!" चहा संपायच्या आत बाबांनी जाहीर केलं. एकतीस वर्षं ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. चाळीस हजार फायलींना ज्याने वळण लावलं, त्याला चार गाणी काय भारी होती!

बाहेर निघालेला मुलगा म्हणाला, "मी येईपर्यंत थांबा."

"तू ये आणि नुसता बघ!"

गाणी खरोखरच माजली होती. बाबांच्या कॉम्प्युटरवर होती तीच मुलाच्या, आणि तीच स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवलेल्या आईच्या कॉम्प्युटरवर. आईला जाऊन आठ महिने झाले होते. तिचे फोल्डर तिच्या पद्धतीचे: 'इस्त्री', 'फरशी', 'भांडी' आणि शेवटचा 'हे बाहेर गेले की'. पहिल्या तिन्हींत वीस-वीस गाणी. शेवटच्यात दोनशे बारा!

"मी बाहेर गेलो की घरात संमेलन भरायचं की काय?" बाबा पुटपुटले. तो फोल्डर उघडायला काही त्यांचा हात धजावेना. नंतर सावकाश ऐकू, म्हणून ठेवून दिला.

तिन्हीकडचं सगळं एकत्र केल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, 'तेच गाणं अनेक ठिकाणी आहे. एकच ठेवू?' हे म्हणजे मांजराला दूध चालेल का, असं विचारणं! बाबांनी 'हो' दाबलं. वर कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम सोडायची सवयच नव्हती.

उरलेली एकेक प्रत यादीतल्या पहिल्या फोल्डरात जाऊन बसली. तो होता बाबांचा, नाव 'आवक'. आईचे चारही फोल्डर रिकामे!

"अहो बाबा!" सून कपाळाला हात लावून म्हणाली. "आता कुठलं गाणं आईंनी कशात ठेवलं होतं, कसं कळणार?"

बाबांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "काम करून बघायचं! ज्या गाण्यावर इस्त्री सरसर चालेल, ते इस्त्रीचं!"

दुपारपर्यंत घरातलं पायपुसणंसुद्धा कडक इस्त्रीचं झालं. मुलाने फरशी अशी घासली, की तोच दोनदा घसरून पडला. तीन फोल्डर कसेबसे भरले. राहिला चौथा.

बाबा जिन्यात जाऊन उभे राहिले आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"बाबा, हे बसतंय का?" आतून सुनेने गाणं लावून विचारलं.

"मला काय विचारतेस? मी बाहेर गेलोय!"

"मग ठरवणार कोण?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे शिंपी कठड्यावरून डोकावले. "काका, हे नव्हे. हे भांड्यांचं!"

"तुम्हाला काय माहीत?"

"माझं मशीन तुमच्या स्वयंपाकघराच्या बरोब्बर वर. बावीस वर्षं ऐकतोय. तुमची स्कूटर सुरू झाली, की काकूंचं पहिलं गाणं सुरू!"

"माझ्या बायकोची गाणी तुम्हाला पाठ?"

"तुम्ही घरात नसायचात, यात माझा काय दोष?"

बाबा एक पायरी वर चढले. मग हळूच म्हणाले, "सांगता का सगळी?"

शिंपी मापाची टेप गळ्यात अडकवून खाली आले. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा गाणी ओळीने लागली. फक्त पहिल्यापाशी ते अडखळले. "याचा शेवट काही मला ठाऊक नाही. अर्ध्यातच बंद व्हायचं. तुम्ही चष्मा विसरून परत यायचात ना!"

सोमवारी बाबा बाजारात निघाले. सुनेला बजावलं, "मी गेलो की लाव." स्कूटर सुरू केली, खिसे चाचपले. चष्मा वरच! खिडकीतून पहिलं गाणं नुकतंच ऐकू यायला लागलं होतं. बाबांनी एक पाय खाली टेकवला, जिन्याकडे पाहिलं, पाय वर घेतला आणि तसेच निघाले.

त्या दिवशी गाणं शेवटपर्यंत वाजलं. आणि घरात कपड्यांची पावडर म्हणून दोन किलो पांढरं सिमेंट आलं!