क्लिकचा आहेर

"तीस वर्षं मी स्टँडवर कंट्रोलर होतो. माइक हातात घेतला की पेठपासून पिंपळगावपर्यंतच्या गाड्या मुकाट्यानं फलाटाला लागायच्या. आणि मला एक खातं सांभाळता येणार नाही?" केरूनानांनी लेकीला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहात खारी बुडवली. ती बुडून तळाला गेली, पण नानांचा आत्मविश्वास वरच तरंगत होता.

हे खातं बँकेचं नव्हतं. वेबसाइटवर जाहिराती लावणाऱ्या कंपनीचं होतं.

नानांच्या पत्नी लताबाई मखमलाबादच्या मळ्यातल्या. त्यांच्या हातच्या वेण्या आणि मुंडावळ्या मिळाव्यात म्हणून लोक लग्नाच्या तारखा पुढं ढकलत, असं नाना सांगत. त्यातलं निम्मं खरं होतं. लताबाई गेल्या, तेव्हा लेकीनं, मनीषानं, त्यांच्या कामाचे सगळे फोटो वेबसाइटवर चढवले आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. सर्व्हरचं भाडं ती स्वतः भरणार होती. पण नाना अडून बसले.

"तुझ्या आईनं शेजारणीकडून दोऱ्याचं रीळसुद्धा कधी उसनं आणलं नाही. फुलांचा खर्च फुलांनी काढायचा!"

म्हणून जाहिराती आल्या. खातं बंद पडलं तर भाडं बंद आणि भाडं थकलं की वेण्या गायब. मामला इतका सरळ होता.

"नियम दोनच आहेत, नाना," मनीषा म्हणाली. ती अंबडला कारखान्यात हिशेब बघायची, त्यामुळे घरातही नियमानंच बोलायची. "आपल्या जाहिरातींवर आपण क्लिक करायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाला करा म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार!"

आणि नाना खरोखरच म्हणाले नाहीत. पिंपळगावला एका साखरपुड्यात त्यांनी फक्त माहिती दिली. "कुणी जाहिरात दाबली, की कंपनी आपल्याला पैसे देते. तुम्ही दाबा, असं मी म्हणत नाही बरं का! नियमच आहे तसा."

त्यांची थोरली बहीण बयाआक्का पंगतीत समोरच बसली होती. तिनं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्या वाक्याला ती जिलेबी घ्यायला वळली.

आक्काच्या मुलाचं, जीवनचं, द्राक्षांचं पॅकहाउस होतं आणि तिथं इंटरनेट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं आधी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं.

"जीवन, लाव रं ते मामाचं! ए विमल, हात धुऊन ये. आहेर हाय, उष्ट्या हातानं नाय करायचा!"

द्राक्षं भरणाऱ्या सगळ्या बाया रांगेनं आल्या. एकेकीनं माउस दाबला, पडद्याला नमस्कार केला आणि हातमोजे घालून पुन्हा कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीत टेंपोवाले आले. रोजचा परिपाठच झाला!

आठवडा होतो न होतो तोच कंपनीची ईमेल आली. एकाच मशीनवरून संशयास्पद क्लिक येत आहेत, खुलासा करावा.

नानांनी तडक फोन लावला. "आक्का, क्लिक बंद!"

"का रं? कमी पडलं का?"

"कमी नाही, जास्त झालं! नको मला!"

"बरं बरं," आक्का हसून म्हणाली. फोन ठेवून जीवनला म्हणाली, "पयल्यापासून असाच हाय. लाजतो."

मग नानांनी आपलं हुकमी अस्त्र काढलं. जाहीर सूचना! मनीषा कामावर गेलेली पाहून त्यांनी सायबर कॅफेवाल्याकडून वेबसाइटच्या माथ्यावर लाल अक्षरांत लिहून घेतलं: 'कृपया जाहिरातींवर क्लिक करू नये. आपली उपस्थिती हाच आमचा आनंद.'

आता हे वाक्य कुठं कुठं छापतात, ते तुम्हीच सांगा! लग्नाच्या पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' वाचून आजवर कोण रिकाम्या हातानं गेलंय? आक्कानं सूचना जीवनकडून मोठ्यानं वाचून घेतली आणि तिचे डोळे भरून आले.

"रीतसर बोलावणं आलं की गं!"

तिनं वणीच्या नणंदेला कळवलं. नणंदेनं आख्ख्या भावकीला कळवलं. ज्यांना वेबसाइट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तेही भाच्यापुतण्यांना धरून कॅफेत गेले. संध्याकाळी खातं गोठलं.

मनीषा घरी आली तेव्हा नाना पडद्यासमोर बसले होते. लताबाईंची शेवंतीची वेणी अजून दिसत होती. भाड्याची मुदत महिनाअखेरपर्यंत होती.

"नाना, ही सूचना कुणी लिहिली?"

"कृपया लिहिलंय मी," नाना हळूच म्हणाले.

मनीषाला रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. मग दोघांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. नाना मराठीत सांगत होते, ती इंग्रजीत उतरवत होती. आमच्याकडे आपल्या माणसानं काही सुरू केलं, की नातलग हातभार लावतात. नको म्हटलं तर दुप्पट लावतात. यात लबाडी नाही, आहेर आहे. सूचना काढली आहे. पॅकहाउसमधून वेबसाइट उघडणार नाही, अशी जीवननं हमी दिली आहे.

उत्तर आलं! खातं चालू. मात्र ते सगळे क्लिक रद्द करून त्यांची रक्कम जाहिरातदारांना परत केली होती.

आनंदाच्या भरात नानांनी हेही आक्काला सांगितलं.

"परत?" आक्काचा आवाज चढला. "माझा आहेर परत केला?"

झालं! भावकीचं बोलणं बंद. शेवटी नाना स्वतः पिंपळगावला गेले आणि म्हणाले, "आक्का, तुला द्यायचंच असेल तर हातात दे. मी डोक्यावर घेतो."

त्यांनी शब्द पाळला. परतताना एसटीत त्यांच्या डोक्यावर एकावर एक टोप्या होत्या आणि मांडीवर टॉवेलांचा ढीग. घरी येताच त्यांनी वेबसाइटवर आभार मानले, मनीषाकडून इंग्रजीतही मानून घेतले, प्रत्येक टॉवेलाचा रंगासकट उल्लेख करून.

कंपनीच्या जाहिराती मजकूर बघून लागतात. दुसऱ्या दिवशी शेवंतीच्या वेणीभोवती चारी बाजूंनी टॉवेलच टॉवेल!

तेवढ्यात फोन वाजला.

"केरू, शेजारणीच्या पोराच्या कॉम्प्युटरवर बघतेय मी. लय झ्याक टॉवेल लागलेत तुझ्याकडं. आता हे आहेर म्हणून नाय हां, मला खरंच पायजेत. घरातले होते नव्हते ते सगळे तुलाच दिले. तर दाबू का?"

नानांनी मनीषाकडं पाहिलं. मनीषानं नियम आठवून पाहिले. आणि तीस वर्षं स्टँड गाजवलेल्या माणसाला पुढची घोषणा काही केल्या सुचेना.