दौलतभाऊंची निरोगी बाई

दौलतभाऊ दूध घेण्याआधी दूधवाल्याला 'प-त-क' म्हणायला लावत. "म्हन, प-त-क, प-त-क, एका दमात. घाई नको, पन लवकर!" हातात स्टॉपवॉच. दूधवाला बिचारा कॅन सावरत पतकपतकपतक करी, आणि भाऊ "माह्यापेक्षा बरा हायेस" म्हणून पातेलं पुढे करीत. भाजीवालीने मात्र एकदा सुनावलं, "भाऊ, आधी मले मेथी इकू द्या, मंग तुमचं पतक!"

जठारपेठेत भाऊ आमचे शेजारी. मूळचे बाळापूरकडचे, पण हयात गेली ती अकोल्याच्या बाजारात कापसाची हर्रास पुकारण्यात. लिलावाला उभे राहिले की त्यांच्या जिभेमागे ऐकणाऱ्याचे कान धावत. त्या जिभेला सत्तरीत कंपवाताने धरलं. शब्द जड झाले, एकमेकांना चिकटू लागले, आवाज पार तळाला गेला. अमरावतीच्या एका दवाखान्यात अशा लोकांच्या बोलण्यावर संशोधन चाललं होतं; जिभेची चपळाई मोजायचं ते 'पतक' तिथलंच. त्यात भाऊंचं नाव लागलं आणि त्यांचा जीवच तिथे अडकला. अट एकच. रोग्याने तुलनेसाठी आपल्याच वयाचं, आपल्याच वस्तीतलं एक निरोगी माणूस जोडीला द्यायचं. जोडी नाही तर नाव कमी.

आता आमच्या जठारपेठेत सत्तरीचं निरोगी माणूस! भाऊ दारोदार फिरले. "तुमाले काईच नाही ना?" असं विचारलं की लोकांना अपमान वाटे. "काई नाही कसं? दोन स्टेंट हायेत म्हटलं!" एक गृहस्थ तर आतून फाइलच घेऊन आले.

शेवटी भाऊ माझ्या दारात. "वहिनी, तुमी त ठनठनीत दिसता."

मी तेव्हा अडुसष्टची पोर, अक्कल यायची होती. ठणठणीत म्हटल्याबरोबर फुलले. फॉर्मवर प्रश्न होता, सांध्यांचा काही आजार? मी तोऱ्यात "छे!" म्हटलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. पदराखाली आमवात होता. सकाळी बोटं अशी आखडत की कंगवा धरवत नसे. पण कुणी आपल्याला निरोगी म्हणावं, हा मोह काय वर्णावा! लग्नात सुंदर म्हणाले होते तेव्हाही एवढी लाजले नव्हते.

मग रोज सकाळी सातला भाऊ रेकॉर्डिंगसाठी मोबाइल घेऊन अंगणात. आधी पतक, मग एका श्वासात जमेल तेवढा लांब 'आ'. दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसून 'आ' करतात! सून म्हणे, "आई, तुमचा 'आ' ऐकून गल्लीतली गाय दारात येते." येवो बापडी. त्या 'आ'मध्ये माझे डोळे मिटत. वाटे, आपण आपल्याच आवाजावर बसून निघालोय. खाली माझं माहेर, वलगाव, काळी ओली रानं, धुक्यात बुडालेली कपाशी, आणि कुणीतरी बांधावरून हाक मारतंय. श्वास संपला की मी धपकन जठारपेठेत. भाऊ तोवर स्टॉपवॉच दाबायचं विसरलेले असत.

अमरावतीला भाऊंची तपासणी दर महिन्याला असे. तिसऱ्या खेपेला मीही जोडीदार म्हणून ऐटीत गेले. बाहेर बाकावर बसले, तर समोरच्या भिंतीवर तक्ता. आमवातात घशातले इवलेसे सांधेही सुजू शकतात, आवाज घोगरा होतो.

 माझा सकाळचा घोगरा 'आ' मी प्रौढपणा समजत होते! म्हणजे भाऊंची सगळी तुलना खोटी. माझ्या मिरवण्यापायी त्यांचं नाव जाणार.

भाऊ आत यंत्रापुढे बसले होते, तेवढ्यात मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. टेबलावर दोन्ही हात पसरले. "बाई, मी खोटं बोलले. मला काय बोलायचं ते बोला, पण भाऊंचं नाव कापू नका."

त्यांनी वही चाळली. "आजी, तुमचं नाव तर पहिल्याच आठवड्यात कमी केलं. भाऊंनीच सांगितलं की तुम्ही चहाची बशी तळव्यांत धरता, बोटांत नाही. जोडीला दुसरे काका मिळालेत. भाऊ आहेतच संशोधनात."

"मग ते रोजचं रेकॉर्डिंग?"

"रोजचं? आम्ही महिन्यातून एकदाच घेतो. तेही इथेच."

परतीच्या एसटीत बडनेरा मागे पडलं. मग राहवलं नाही. "काहून हो भाऊ, तीन मयने मले फुकट 'आ' कराले लावलं?"

भाऊ खिडकीकडे बघत होते. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"घरी… मी बोलाले लागलो का… पोरं… पुढचं… सोताच बोलून… मोकये होतात."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"तुमी…" म्हणाले आणि तिथेच अडकले.

पुढचं मला कळलं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटले. बाहेर फुटलेल्या कापसाची रानं पार आभाळापर्यंत पांढरी झाली होती, एसटी त्यातून तरंगत चालली होती, आणि शेजारी एक शब्द हळूहळू वर येत होता. मूर्तिजापूर आलं, गेलं. मी थांबले होते.