आत्याचा आवाज कुठे गेला?

प्रशांतचा लॅपटॉप म्हातारा झाला होता. बटण दाबलं की पडद्यावर एक गोल फिरत बसायचा, आणि चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी तो फिरतच असायचा. दुसऱ्या कोणी तो कळवा स्टेशनाजवळच्या दुकानात दाखवला असता. पण प्रशांतच्या ऑफिसात अनिमेष होता.

"विंडोज काढून टाक आणि लिनक्स घाल," अनिमेष म्हणाला. "फुकट असतं, आणि लॅपटॉप पळायला लागेल."

प्रशांतने घातलं. (आयुष्यात त्याने घरातला फ्यूजसुद्धा कधी बदलला नव्हता, पण फ्यूजमध्ये शॉक बसतो, लिनक्समध्ये नाही.) आणि नवल म्हणजे लॅपटॉप खरंच पळायला लागला. काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करायचा, की तो निमूटपणे ऐकायचा. घरात प्रशांतचं इतकं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे त्याला जरा चढली. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर चर्चा चालली असतानाही तो म्हणे, "आमच्याकडे लिनक्स आहे."

एवढ्यात प्रशांतच्या बाळाचं बारसं आलं.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तिने पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, मग बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. पण प्रशांतची मोठी बहीण भावना राहायची मेलबर्नला, आणि तिला रजा मिळत नव्हती. आईच्या मागे तिनेच प्रशांतला वाढवलेलं. तिने फोनवर बजावलं होतं, "नाव मी ठरवलंय. बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणालाही कळणार नाही, तुला पण नाही. आणि माझा मान दुसरीला दिलास, तर पुन्हा तुझ्या घराची पायरी चढणार नाही."

"ताई, तू काळजीच करू नकोस," प्रशांत म्हणाला. "लॅपटॉप पाळण्याला टेकवून ठेवतो. आमच्याकडे लिनक्स आहे."

"अहो, त्यापेक्षा सरळ फोन धरू या ना बाळाच्या कानाशी," रुपाली, त्याची बायको, म्हणाली.

"फोनवर काय, दुधाची ऑर्डर द्यायची आहे?"

आदल्या संध्याकाळी खाली कंपाउंडमध्ये जेवणासाठी मांडव पडला. साउंडवाल्या गणूने माणसाच्या उंचीचा स्पीकर आणून बरोबर प्रशांतच्या खिडकीखाली उभा केला. प्रशांत लॅपटॉप घेऊन खाली गेला आणि वायर न लावता ब्लूटूथवर त्या स्पीकरला जोडून त्याने दोन गाणी वाजवून दाखवली. गणू म्हणाला, "भारी हाय, साहेब." प्रशांत खूश होऊन वर आला, आणि हा विषय त्याच्या डोक्यातून साफ गेला.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, आत नवं झबलं घातलेलं बाळ, आणि शेजारी स्टुलावर लॅपटॉप. विठ्ठलवाडीहून आलेली चुलत बहीण शालू अगदी पाळण्याला खेटून बसली होती. प्रशांतने कॉल लावला. पडद्यावर भावनाताई दिसली, नाकात नथ, अंगावर पैठणी. सगळ्या बायकांनी "अय्या!" केलं. ताईचे ओठ हलले.

आवाज आला नाही.

"ताई, म्यूटवर आहेस का?"

ताईने जोरजोरात मान हलवली. ओठ हललेच. आवाज नाहीच.

"थांब, सेटिंग असेल," म्हणत प्रशांत खाली बसला. त्याने आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. पडद्यावर एक हिरवी रेघ ताईच्या ओठांबरोबर नाचत होती.

"हे बघ, मशीन म्हणतंय आवाज येतोय," तो रुपालीला म्हणाला.

"मग मशीनला ऐकू येत असेल. आम्हाला नाही येत."

प्रशांतने काळी खिडकी उघडली आणि भराभर हुकूम सोडले. लॅपटॉपने उत्तरांची लांबलचक पानं ओकली. (त्यातलं त्याला 'ओके' एवढंच कळलं.) तेवढ्यात बाहेरून कुठल्याशा बाईच्या ओरडण्याचा आवाज यायला लागला.

"खाली कुणाचं तरी भांडण जुंपलंय," प्रशांत वैतागून म्हणाला. "मांडवात पण लोकांना चैन नाही. खिडकी लाव गं, आणि एसी चालू कर. डोकं चालत नाहीये."

रुपालीने खिडकी लावली.

अनिमेषला फोन केला, तर तो शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेला. "साउंडचा ड्रायव्हर काढून परत टाक," तो हॉर्नच्या गोंगाटात ओरडला. प्रशांतने ड्रायव्हर काढून परत टाकला आणि लॅपटॉप बंद करून चालू केला. कॉल पुन्हा लागला, ताई पुन्हा आली, पण या वेळी उलटी. डोकं खाली, पैठणी वर. कुठलं तरी भलतंच बटण दाबलं गेलं होतं. सगळ्या बायकांनी माना वाकड्या केल्या.

"राहू दे, राहू दे!" म्हणत प्रशांतने लॅपटॉपच उलटा केला आणि पाळण्याच्या खांबाला टेकवला. आता ताई सरळ होती, पण कीबोर्ड छताकडे गेला होता, आणि प्रशांत हात वर करून, पालथ्या अक्षरांवर एकेका बोटाने हुकूम टाइप करत होता. बाळ जागं झालं आणि हे सगळं टक लावून बघू लागलं.

"दादा, मुहूर्त टळतोय हो," शालू म्हणाली. "मी पण आत्याच आहे ना? ठेवते मी नाव. मी तर मनात ठरवून पण आलेय."

"अगं, पाच मिनिटं."

"मघापासून तुमची पाचच मिनिटं चालली आहेत," रुपाली म्हणाली. "बाळाला भूक लागली आहे, इथल्या बायका जेवायच्या थांबल्यात. आता नाही जमलं तर शालूताईंनाच सांगू या."

शालूने पदर खोचला आणि पाळण्यावर वाकली. पडद्यावर ताई ताडकन उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले, कॅमेऱ्यासमोर बोट नाचवलं, तिचं तोंड एवढं मोठं उघडलं की मागची भिंत दिसेना. हिरवी रेघ वेड्यासारखी उड्या मारू लागली. ताई कायमची तुटणार, आणि ती पण आवाजाविना.

"शालू, थांब!" तो ओरडला. "नाव ठेवील तर माझी ताईच. बारसं उद्या करू, परवा करू, पण..."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. तळमजल्यावरच्या गोदूबाई आत आल्या. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी राहिलेली, म्हणून दार वाजवायची त्यांना सवय नव्हती. हातात वाढायचा डाव, आणि मागे जिन्यापर्यंत मांडवातली माणसं.

"आरं परशांत, तुजी बयीन खाली मांडवान कवाची वरडतंय! जेवाला बसलेली मानसा उठून हुबी रायली!"

"कोण बहीण? ताई तर इथे आहे."

"मंग तो गनूचा स्पीकर कोनाच्या आवाजान बोलतो? 'हॅलो भोंग्या, हॅलो भोंग्या' करून कान फोरले आमचे."

प्रशांतचा चेहरा उतरला. ते नाव जगात फक्त ताईला माहीत होतं. लहानपणी तो रडायला लागला की गिरणीचा भोंगा झाल्यासारखं वाटायचं, म्हणून तिने ठेवलेलं.

रुपालीने धावत जाऊन खिडकी उघडली. खालून अख्ख्या कळव्याला पुरेल असा ताईचा आवाज आला, "अरे भोंग्या, मला तुमचं सगळं ऐकू येतंय रे! लहानपणी रेडिओ उघडून बसलेलास तेव्हा पण असंच केलेलंस!"

लिनक्सची स्मरणशक्ती चांगली होती. काल ओळख झालेला स्पीकर त्याने आज आपणहून शोधून काढला होता, दोन्ही वेळा.

"आणि काय काय बोलली?" शालूने हळूच विचारलं.

"बोलली, शालीच्या अंगावर मी रुपालीवैनीला धारलेली सारी कशी?" गोदूबाईंनी जसंच्या तसं सांगितलं. शालू साडीचा पदर आवरत पाणी प्यायला आत गेली. "आनि बोलली, पोराचा नाव ऋतुराज हाय, दुसरा ठेवला तर याद राखा. आमच्या समद्यांचा पाठ झाला. कुठं हाय तो ऋतुराज?"

प्रशांतने गणूला सांगून स्पीकर बंद करवला. त्याबरोबर लॅपटॉपमधून ताईचा हुंदका अगदी स्पष्ट ऐकू आला. "उद्या करू, परवा करू म्हणालास ना रे? ऐकलं मी." मग ती पडद्याला नाक लावून बाळाच्या कानात हळूच नाव कुजबुजली. आधीच सगळ्या मांडवाला ते पाठ होतं, तरी सगळ्यांनी श्वास रोखून ऐकलं.

धपाट्यांचा प्रश्न उरला. आत्या मेलबर्नला, मग घालायचे कुणाला? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि प्रशांतला पाळण्यापाशी वाकवलं. सर्वांत जोरात धपाटा शालूचा होता.

त्या दिवसापासून बिल्डिंगमधले लोक प्रशांतला भोंग्याशेठ म्हणतात. वॉचमनसुद्धा सलाम ठोकून तेच म्हणतो. प्रशांत मनाची समजूत घालायचा, लोकांचं काय, विसरतील. घरात तरी आपण बाबाच आहोत.

ऋतुराज परवा बोलायला लागला. पहिला शब्द 'आई' की 'बाबा', म्हणून रुपाली आणि प्रशांत दोघं त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले होते. त्याने आईकडे बघितलं, मग बाबाकडे बघितलं, टाळी वाजवली आणि म्हणाला, "भों!"