वेंडेलची न सांडणारी टाकी

“माझ्या गाडीतलं पेट्रोल सांडणार नाही, गळणार नाही, पेटणार नाही! लिहून घ्या!”

वेंडेल हॅस्कलने क्लबच्या सभेत टेबलावर हात आपटला आणि सगळ्यांच्या कपातली कॉफी बशीत सांडली. कॅन्ससमधल्या त्या छोट्या गावात जुन्या मोटारी सोलून, कापून, त्यांत राक्षसी इंजिनं बसवणाऱ्या हौशी लोकांचा तो क्लब, आणि वेंडेल त्याचा सुरक्षा तपासनीस. दरवर्षी जत्रेत या गाड्यांची मिरवणूक निघायची. त्याआधी वेंडेल प्रत्येक गाडीखाली पाठीवर सरपटत शिरायचा. काही चुकीचं दिसलं, की खिशातून लाल पट्टी काढून काचेवर चिकटवायचा. लाल पट्टी लागली की गाडी कुंपणाबाहेर! आणि नियम असा, की ज्याने चिकटवली त्यानेच ती काढायची.

गेल्या वर्षी त्याने लाल पट्टी लावली ती ऑरिन टीगच्या गाडीला. ऑरिन म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, दोघांनी पहिलं इंजिन एकत्र उघडलेलं. पण ऑरिनच्या गाडीची टाकी नळ बांधायच्या पत्र्याच्या पट्टीने लटकवलेली होती, आणि वेंडेलने ते मोठ्याने, सगळ्यांसमोर वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. त्या सगळ्यांत ऑरिनच्या सुनेच्या माहेरची माणसं होती, मिरवणूक बघायला मुद्दाम नेब्रास्काहून आलेली. ऑरिन वळला, गाडीत बसला आणि घरी गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ऑरिन वर्षभर ती लाल पट्टी काचेवर घेऊन गावभर फिरत होता. किराणा दुकानासमोर ती गाडी दिसली की वेंडेल पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

“नियम म्हणजे नियम,” तो बायकोला म्हणायचा.

“आणि दोस्त म्हणजे?” लव्हॉन विचारायची. वेंडेल मग पेपर तोंडापुढे धरायचा.

तर यंदा त्याने ठरवलं, की आपल्या १९४० च्या फोर्डमध्ये अशी टाकी बसवायची, की बघणाऱ्याने टोपी काढावी. टाकी म्हणजे साधी नव्हे, फ्युएल सेल! शर्यतीच्या गाड्यांत असते ती. बाहेर पोलादी पेटी, आत जाड रबराची पिशवी, पिशवीत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून स्पंज. गाडी चेंडूसारखी गडगडली तरी थेंब सांडायचा नाही.

“केवढी घेणार?” लव्हॉनने विचारलं.

“सगळ्यात मोठी!”

“जत्रेचं मैदान इथून अडीच मैलांवर आहे, वेंडेल. अलास्काला जायचंय का?”

पेटी आली तेव्हा डिकीत ती मावेना. वेंडेलने डिकीचा तळ कापला. मग मावली, पण लव्हॉनच्या घडीच्या खुर्च्या, छत्री आणि घोंगडी कायमची बेघर झाली. एका कोपऱ्यात बर्फाची पेटी राहील एवढीच जागा उरली. तीसुद्धा लव्हॉनने हट्टाने मिळवली, कारण जत्रेत तिची बटाट्याची कोशिंबीर गेली नाही असं आजवर झालं नव्हतं.

काम मात्र वेंडेलने चोख केलं, हे कबूल करायलाच हवं. टाकी पातळ पत्र्याला न अडकवता जाड पोलादी पट्ट्यांनी थेट चासीला, गाडीच्या सांगाड्याला, आवळली. डिकी आणि सीटच्या मध्ये पोलादी भिंत घातली. हवेची नळी गाडीबाहेर खाली नेली आणि तिला गाडी उलटली की आपोआप बंद होणारी झडप लावली. ठिणगी उडू नये म्हणून तार जोडली. शेवटी वास येतो का ते तपासायचं राहिलं. ऑगस्टमध्ये गवताच्या धुळीने वेंडेलचं नाक दगड होतं, म्हणून लव्हॉनला गाडीत बसवून काचा बंद केल्या.

“येतो का वास?”

“येतोय.”

वेंडेलने धाडकन दार उघडलं. “कशाचा?”

“तुझ्या मोज्यांचा. सीटखाली आहेत.”

एकच गोष्ट राहिली, पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा. वेंडेलने फोर्डचा जुना, सुंदर, पिवळसर तबकडीचा काटा ठेवला आणि नव्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्याची तार त्याला जोडून टाकली. जोडताना काडीचाही विचार केला नाही. इतक्या मोठ्या कामात तारेचं ते काय!

गळती बघायला त्याने दोन कॅन पेट्रोल ओतलं. काटा तीन चतुर्थांशाच्या वर गेला.

“दोन कॅनमध्ये एवढं?” लव्हॉन म्हणाली.

“आत स्पंज आहे ना! तो जागा खातो. तुला नाही कळायचं.”

स्पंज खातो ती जागा चहाच्या कपात मावेल. पण हे सांगणार कोण? सांगू शकेल असा एकच माणूस गावात होता, आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं.

मग आठवडाभर वेंडेल गाडी घेऊन गावभर हिंडला. बँकेसमोरून, चर्चसमोरून, आणि चुकून दोनदा ऑरिनच्या घरासमोरून. जत्रेच्या दिवशी सकाळी किल्ली फिरवून बघतो तर काटा काठोकाठ! वेंडेलला गहिवरून आलं. लव्हॉनने बिचारीने न सांगता टाकी भरून आणली! तो आत गेला आणि कांदा चिरत असलेल्या लव्हॉनच्या गालाचा त्याने मुका घेतला.

“कशाबद्दल?” ती दचकली.

“बोलू नकोस. मला समजलं.”

लव्हॉनला काहीच समजलं नाही. पण एवढ्या वर्षांनी सकाळी सकाळी मिळालेला मुका परत करायची तिला गरज वाटली नाही. तिने कोशिंबिरीचं भांडं बर्फात ठेवलं, पेटी डिकीत कोंबली आणि टोपी घालून गाडीत बसली.

मिरवणुकीत वेंडेल सर्वांत पुढे. मैदान खचाखच भरलेलं, एका बाजूला बक्षिसाची डुकरं, दुसऱ्या बाजूला लिंबू सरबताचे ठेले. माईकवर जत्रेचा निवेदक मर्ल ओरडत होता, “आणि मंडळी, सर्वांत पुढे आपल्या परगण्यातली सगळ्यात सुरक्षित गाडी!” वेंडेलने हात हलवला. नेमक्या त्याच क्षणी इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. मागच्या चौदा गाड्या करकचून थांबल्या.

वेंडेलने काट्याकडे बघितलं. काठोकाठ! त्याचं डोकं भराभर चालायला लागलं, आणि ते भराभर चाललं की नेहमी चुकीच्या दिशेने चालायचं. टाकी भरलेली आहे, इंजिनाला पेट्रोल मिळत नाहीये, म्हणजे नळी फुटली, म्हणजे पेट्रोल खाली गळतंय, म्हणजे तापलेल्या सायलेन्सरवर! तो उडी मारून उतरला, वाकून बघितलं. डिकीखालून टप टप टप थेंब पडत होते!

“पळा!” वेंडेल किंचाळला. “गाडी पेटतेय! लव्हॉन, उतर! सगळे मागे व्हा!”

मग जे झालं ते बघायला लोकांनी वेगळं तिकीट काढलं असतं. प्रेक्षकांचा अख्खा स्टँड उठला. बाया पोरांना काखोटीला मारून पळाल्या. सरबताचा एक ठेला आडवा झाला. कुणीतरी डुकरांच्या वाड्यावर रेलला आणि फाटक उघडलं, आणि शाम्पूने न्हाऊ घातलेली, मानेला फीत बांधलेली डुकरं थेट त्या सरबतात! अग्निशामक दलाचे स्वयंसेवक धावत आले. त्यांना वर्षभर पेटलेलं गवत सोडून काही विझवायला मिळालं नव्हतं. त्यांनी हौस भागवून घेतली. फोर्ड गेली फेसाखाली, आणि वेंडेलही कमरेपर्यंत.

लव्हॉन मात्र दोन पावलांवर उभी होती. तिने हवेत नाक वर केलं. मग ती वाकली, गळणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं आणि ते बोट चाटलं.

“लव्हॉन!!”

“वेंडेल,” ती शांतपणे म्हणाली, “हा माझा बर्फ वितळतोय.”

आजूबाजूच्या दहा-वीस लोकांनी ते ऐकलं. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. वेंडेलला वाटलं, फेस आणखी थोडा वर यावा, डोक्यावरून जावा. सगळे गाडी ढकलत गुरांच्या गोठ्यामागे घेऊन गेले आणि तो मान खाली घालून मागे चालत राहिला.

गोठ्यामागे गाडी पुसून झाली, इंजिन थंड झालं, लोक पांगले. लव्हॉन तिची बर्फाची पेटी घेऊन सावलीत जाऊन बसली. तेवढ्यात कुणीतरी पेट्रोलचा कॅन जमिनीवर ठेवला. वेंडेलने वर बघितलं. ऑरिन!

“किल्ली फिरव. इंजिन नको, नुसती किल्ली,” ऑरिन म्हणाला. वर्षभरानंतरचं पहिलं वाक्य. “काट्याकडे बघत राहा.”

ऑरिनने टोपण उघडून ओतायला सुरुवात केली. आणि वेंडेलच्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरलेला काटा खाली उतरायला लागला!

“उलटा आहे,” ऑरिन म्हणाला. “जुन्या फोर्डच्या काट्याला या टाकीतला गोळा चालत नाही, लेका. टाकी रिकामी होत गेली की हा भरली म्हणतो. तारा जोडायच्या आधी बघायचं असतं.”

वेंडेलचे कान लाल झाले. न सांडणारी, न गळणारी, न पेटणारी टाकी! शब्दाला जागली होती बिचारी. आत होतं काय सांडायला?

“मर्लला सांगितलंस का हे, माईकवर बोलायला?” त्याने पडलेल्या आवाजात विचारलं.

“सांगितलं,” ऑरिन म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून मर्लचा आवाज घुमला, “मंडळी, घाबरू नका! आत्ताच कळलंय, की हा आपल्या तपासनिसाने मुद्दाम घेतलेला सुरक्षेचा सराव होता! वेंडेल हॅस्कलसाठी टाळ्या!”

टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. वेंडेल ऑरिनकडे बघत राहिला. “तू असं सांगितलंस? मी तुला गेल्या वर्षी...”

“सुनेची माणसं यंदा पण आलीत,” ऑरिन म्हणाला. “म्हटलं, दरवर्षी त्यांना कुणाची तरी फजिती कशाला दाखवायची.”

हे वेंडेलला सहन झालं नाही. शिवी दिली असती तर चाललं असतं. तो तसाच, पँटमधून फेस गाळत, मर्लच्या चौथऱ्यावर चढला आणि माईक ओढून घेतला.

“सराव-बिराव काही नव्हता! माझं पेट्रोल संपलं होतं. काटा मीच उलटा जोडला होता. आणि गेल्या वर्षी ऑरिन टीगशी मी जसं बोललो तसं कुणी कुणाशी बोलू नये. मला लाज वाटते.”

मग जे हसू फुटलं ते थांबेचना. डुकरांना फीत बांधणाऱ्या मुलीसुद्धा हसत होत्या. वेंडेल ते सगळं उभ्याने ऐकत राहिला, आणि मग कुंपणाबाहेर गेला. तिथे ऑरिनची गाडी उभी होती, काचेवर लाल पट्टी. तो सवयीने पाठीवर सरपटत खाली शिरला. टाकी जाड पोलादी पट्ट्यांनी चासीला आवळलेली होती, अगदी नियमाने.

“कधी केलंस हे?” त्याने खालूनच विचारलं.

“तू पट्टी लावलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“मग दाखवायला का नाही आलास?”

“बघायला तू का नाही आलास?”

वेंडेल बाहेर आला आणि नखाने पट्टी खरवडायला लागला. वर्षभराच्या उन्हाने ती काचेशी एकजीव झाली होती.

“सावकाश. काच माझी आहे,” ऑरिन म्हणाला.

पट्टी निघाली. वेंडेलने खिशातून दुसरी, कोरी पट्टी काढून ऑरिनच्या हातात ठेवली. ऑरिन गोठ्यामागे गेला आणि परगण्यातल्या सगळ्यात सुरक्षित गाडीच्या काचेवर ती नीट, सरळ, बुडबुडा न ठेवता चिकटवून आला.

घरी जाताना तिघं ऑरिनच्या गाडीत दाटीवाटीने बसले. मध्ये वेंडेल, मांडीवर बटाट्याची कोशिंबीर. त्याने डॅशबोर्डवर नजर फिरवली, पुन्हा फिरवली.

“ऑरिन, पेट्रोलचा काटा कुठाय?”

“नाहीये. एकाहत्तर साली तुटला. मी आपला दर शनिवारी टाकी भरतो.”

वेंडेलचा हात आपोआप खिशाकडे गेला.

“वेंडेल!” लव्हॉन म्हणाली.

त्याने हात मुकाट्याने परत आणला आणि कोशिंबिरीचं भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.