एक खांब कमी

आधारवेल रेसिडेन्सीतले फ्लॅट आजूबाजूच्या भावाच्या निम्म्याला मिळत, कारण तिथे प्रत्येक फ्लॅटमध्ये एक खांब कमी होता आणि त्या जागी घरातल्याच एका माणसाने उभं राहायचं होतं. यात लपवाछपवी काही नव्हती. जाहिरातीत तसं लिहिलेलं होतं, नकाशावर त्या जागी लाल चौकोन होता, आणि करारातलं सोळावं कलम सबंध त्याच्यावरच होतं.

वृंदा सापळेने ही जाहिरात वाचली ती सामानाच्या खोक्यावर बसून. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तिचं हे आठवं भाड्याचं घर. अकरा महिन्यांचा करार एकदा-दोनदा झाला की घरमालकांना काही ना काही व्हायचं. कुणाचा मुलगा परदेशातून यायचा, कुणाला भाडं वाढवून हवं असायचं, एकाला तर त्यांच्या घरातला तळणाचा वासच सहन होईना. मुलगी शाल्मली नऊ वर्षांची होती आणि चौथ्या शाळेत जात होती. नव्या शाळेतून पहिले आठ-दहा दिवस ती डबा न उघडता परत आणी. वृंदा तो डबा उभ्याउभ्या स्वतःच खाऊन टाकी आणि रडायचं असेल तर तेवढ्यात रडून घेई.

सासरे अप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची हौस एकच, नातीची उंची दर वाढदिवसाला भिंतीवर पेन्सिलीने मांडायची. भाड्याच्या भिंतीला ते चालत नाही. मागच्या मालकाने तीन रेघांसाठी डिपॉझिटमधून अख्ख्या खोलीच्या रंगाचे पैसे कापले, तेव्हापासून अप्पांनी पेन्सिल चष्म्याच्या डबीत ठेवून दिली होती.

रविवारी चौघं साइटवर गेली. विक्री विभागाच्या वाघुळदे मॅडमनी पाणी दिलं, चहा दिला आणि वहीत नावं लिहून घेतली.

"खांब कोण आहे तुमच्यात?" त्यांनी विचारलं. जेवायला किती जण, असं विचारावं तसं.

"अजून ठरलं नाही," वृंदाचा नवरा गिरीश म्हणाला.

"ठरवून आलेलं बरं असतं. काही लोक इथे येऊन भांडतात." मॅडमनी दरपत्रक पुढे सरकवलं. "सातवा मजला सगळ्यात महाग. वर फक्त गच्ची आणि टाकी, त्यामुळे भार अगदी हलका. सातव्यावरची माणसं गाणी म्हणत उभी असतात. जसं खाली याल तसा दर उतरतो."

"आणि भार?"

"तो वाढतो. पण बाकीचे खांब वाटून घेतात हो. सगळा काही तुमच्यावर येत नाही."

गिरीशने आकडे मांडले. त्यांना दुसरा मजला परवडत होता. वर पाच मजले होते.

सॅम्पल फ्लॅटमध्ये निर्मलाताई गुरव नावाच्या बाई खांब होत्या. दोन फुटी चौथऱ्यावर उभ्या, डोक्यावर दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याची चुंबळ, चुंबळीवर लोखंडी तुकडा, तो थेट छताला भिडलेला. समोर मोठी खिडकी, खिडकीत डोंगर. बाई अगदी प्रसन्न होत्या.

"पहिले सहा महिने मान धरते," त्या म्हणाल्या. "मग समजतच नाही. घरातलं सगळं डोळ्यांसमोर राहतं हो. दूध उतू गेलं तर मीच ओरडते."

"आणि झोप?"

"उभ्याने लागते. भाड्याच्या घरात आडवं होऊन तरी कुठे लागत होती?"

यावर वृंदाला हसू आलं, आणि तिथेच तिचं मन बसलं. ती खिडकी, तो डोंगर. उभंच राहायचं तर इथे राहावं.

कोण उभं राहणार हा प्रश्न मात्र नियमांनीच सोडवला. अप्पा लगेच म्हणाले, "मी राहतो. नाहीतरी मला आता काम काय?" पण खांबाचं वय अठरा ते पंचावन्न असावं लागे आणि अप्पा अडुसष्टचे होते. गिरीश म्हणाला मी राहतो, तर बँकेने हरकत घेतली. कर्ज असेपर्यंत खांबासकट सगळा फ्लॅट बँकेकडे गहाण, आणि कर्जदाराने स्वतःलाच गहाण ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. आळीपाळीने उभं राहावं म्हटलं तर माणूस बदलला की प्लॅस्टरला तडे जातात, म्हणून बदल एकदाच, तोही सोसायटीच्या परवानगीने. आंघोळ, जेवण आणि इतर गरजांसाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास छत तोलून धरायला सोसायटीचा जॅक मिळणार होता. इमारतीत जॅक दोन आणि फ्लॅट अठ्ठावीस, त्यामुळे वेळा पाळायच्या.

उरली वृंदा. तिने ब्लाउजची शिलाई बंद केली, मशीन नणंदेला देऊन टाकली, आणि मोजमापाला गेली. दाभाडे नावाच्या इंजिनिअरने तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, टेप धरला आणि वाचलं, "पाच फूट चार. उत्तम. कमीत कमी पाच लागते."

लग्नाच्या वेळी सगळ्या स्थळांना उंची पाच फूट तीन कळवलेली होती. या वयात एक इंच वाढला म्हणून वृंदा खूश झाली, आणि घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितलं.

वास्तुशांत झाली. पाच सवाष्णींनी वृंदाची ओटी भरली, चौथऱ्याला हळदकुंकू वाहिलं, आणि वरचा जॅक हळूच काढला. भार आला तेव्हा तिने पायांची बोटं चौथऱ्यावर घट्ट रोवली. जेवायला आलेले पाहुणे हॉल किती मोकळा वाटतो म्हणून कौतुक करत होते.

एक गोष्ट तेवढी नीट झाली नाही. सॅम्पल फ्लॅट ए विंगमध्ये होता आणि यांचा बी विंगमध्ये. बी विंग म्हणजे ए विंगचं आरशातलं रूप, पण खांबाचं तोंड दोन्हीकडे एकाच दिशेला, हे नकाशात बारीक अक्षरात होतं. त्यामुळे खिडकी वृंदाच्या पाठीशी आली आणि समोर बाथरूमचं दार. गिरीशने दाभाड्यांना अर्ज केला. सळ्या त्या दिशेने बसल्या आहेत, आता तोंड फिरवता येणार नाही, असं उत्तर आलं.

शाल्मलीला पाचवी शाळा मिळाली आणि ती शेवटची ठरली. महिन्याभरात डबा रिकामा येऊ लागला. मैत्रिणी घरी येऊ लागल्या. त्या चपला काढून आधी "काकू, येऊ?" असं वृंदाला विचारत, मग बसत. अशा दिवशी वृंदाला भार खरंच जाणवत नसे. हे घर घेतलं ते बरं केलं, असं तिला मनापासून वाटे.

दहाव्या वाढदिवसाला अप्पांनी चष्म्याच्या डबीतून पेन्सिल काढली. बाथरूमच्या दाराशेजारच्या भिंतीला शाल्मलीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि तारीख घातली. मग दोन पावलं मागे सरून ते त्या रेघेकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"गेल्या वर्षीच्या मानाने चांगली वाढली की," ते म्हणाले.

वृंदाच्या डोळ्यांसमोरच ती रेघ होती. दिवसभर दुसरं बघायला नव्हतं. चार दिवस बघितल्यावर तिने मनात हिशेब केला, की मुलगी अठराची होईल तेव्हा आपण सत्तेचाळीसच्या असू आणि गुडघे कुरकुरायला लागलेले असतील. कमीत कमी पाच लागते, हे दाभाड्यांचं वाक्य तिला आठवलं, आणि त्या रात्री तिला उभ्याने काही झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शाल्मलीचं दूध बंद केलं.

"का पण?" शाल्मली म्हणाली.

"बाधतं तुला."

मग बास्केटबॉल बंद झाला. बागेत बारला लोंबकळणं बंद झालं. दोरीवरच्या उड्या बंद झाल्या. शाल्मली समोरून गेली की चौथऱ्यावरून आवाज येई, "शालू, जरा वाकून चाल ग."

"टीचर ताठ बसायला सांगतात."

"टीचरना काय कळतंय? पोक काढून उभी राहा. छान दिसतं."

आईने मुलीला पोक काढायला सांगायचं, हे काही बरं नव्हे. वृंदालाही ते लागत होतं. आपण आपल्याच पोरीची वाढ खुंटवतो आहोत, याची तिला लाज वाटे आणि दर वाढदिवसाला रेघ थोडीच सरकलेली बघून आनंदही होई. दोन्ही एकाच वेळी वाटायचं. कुणाशी बोलायची सोय नव्हती. वरून मात्र तिला एक गोष्ट दिसे. रेघ ओढताना अप्पा पट्टी अंगठ्याने चांगली दाबून शाल्मलीच्या केसांत रुतवत आणि पेन्सिल होईल तितकी खाली टेकवत. एका वर्षी दोघांची नजरानजर झाली. अप्पांनी खाली बघून तारीख घातली.

अठराव्या वाढदिवसाची रेघ चार फूट अकरा इंचांवर आली. शाल्मलीचे खांदे गोल झाले होते आणि मान पुढे आली होती. वृंदाने त्या दिवशी श्रीखंड मागवायला सांगितलं. जॅकच्या अर्ध्या तासात तिने आंघोळ टाळली आणि चार वाट्या खाल्ल्या.

पुढच्या महिन्यात इमारतीचं ऑडिट झालं. दाभाड्यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी वृंदाच्या कानाजवळून ओळंबा सोडला, टाचेजवळचं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं.

"सापळे, खांब ओळंब्यात नाही," ते गिरीशला म्हणाले. "अकरा मिलिमीटर कलला आहे. डावा गुडघा गेला."

"मी सरळ उभी राहते," वृंदा म्हणाली.

"वहिनी, तुम्ही नऊ वर्षं उत्तम काम केलंत. कुणाची तक्रार नाही. पण वर पाच कुटुंबं आहेत." त्यांनी फॉर्म काढला. "तीस दिवसांत बदली माणूस द्यायचा. नाही दिला तर फ्लॅट खाली करावा लागेल. कलम सोळा, पोटकलम तीन."

"माझं कर्ज अजून अकरा वर्षं आहे," गिरीश म्हणाला.

"म्हणजे तुम्ही नाही. मुलगी?"

"मुलगी बसत नाही," वृंदा घाईघाईने म्हणाली. "चार फूट अकरा. हे काय, भिंतीवर आहे. तारखेसकट आहे."

दाभाड्यांनी रेघा वाकून नीट बघितल्या. अप्पा कॉटवर बसले होते. ते म्हणाले, "मीच मांडल्यात. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मापं घेतली मी."

"मग घर विकून टाकू," वृंदा म्हणाली. "जाऊ परत भाड्याने. नववं घर, त्यात काय?"

"वाकलेल्या खांबाचा फ्लॅट कोण घेतो?" गिरीश हळूच म्हणाला. "आणि भाडी बघितलीस का आत्ताची?"

वृंदाने बघितली नव्हती. नऊ वर्षं तिने बाथरूमचं दार बघितलं होतं.

तेवढ्यात शाल्मली आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. नऊ वर्षं त्या घरात राहून कलम सोळा तिला पाठ होतं.

"मोजा ना मला," ती म्हणाली.

"शालू, आत जा."

"आई, मला आठवतात त्या शाळा. मी पुन्हा कुठे जाणार नाही. इथे माझ्या मैत्रिणी आहेत. अप्पांना या वयात कुठे फिरवायचं? कॉलेज बाहेरून करता येतं. पुस्तक बाबा धरतील समोर."

"बसत नाहीस तू!" वृंदा ओरडली. छतातून थोडी माती पडली. दाभाड्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. ओरडण्याने कंप येतो.

त्यांनी बॅगेतून नवी कोरी चुंबळ काढली, शाल्मलीच्या डोक्यावर ठेवली आणि टेप सोडला.

"पाच फूट अर्धा इंच."

वृंदाने भिंतीवरच्या शेवटच्या रेघेकडे बघितलं.

"असं कसं होईल?" वृंदाने विचारलं.

"चुंबळ धरून मोजतात, वहिनी. एक इंच तिचा. तुमची नव्हती का तशीच मोजली? मीच तर मोजली होती."

वृंदाला पाच फूट चार आठवलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलेलं आठवलं. दूध, बास्केटबॉल, बागेतला बार, सगळं तिला एकापाठोपाठ एक आठवत गेलं. अप्पांनी पेन्सिल डबीत ठेवली आणि डबी मिटली. मग ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

बदली मंगळवारी दुपारी तीनला झाली, कारण जॅक तेव्हा रिकामा होता. शाल्मलीने आधी पोटभर जेवून घेतलं, केस घट्ट बांधले, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार केला. गिरीशने वृंदाला धरून खाली उतरवलं आणि सोफ्यावर बसवलं. सोफा पाच वर्षांपूर्वी घेतलेला होता. ती त्यावर प्रथमच बसली.

शाल्मली चौथऱ्यावर चढली. चुंबळ बसवली, लोखंडी तुकडा बसवला, जॅक काढला. तिने डोळे मिटले, पाय थोडे फाकवून टाचा रोवल्या. मग म्हणाली, "ठीक आहे." दाभाड्यांनी रजिस्टरमध्ये जुनं नाव खोडून नवं लिहिलं, गिरीशची सही घेतली आणि जॅक घेऊन ते तीनशे एकमध्ये गेले.

गिरीशने चहा करून आणला. वृंदा खिडकीकडे बघत होती. डोंगर होता, अर्धाच दिसत होता. समोर नवी इमारत उठली होती आणि तिच्या कुंपणावर आधारवेल दोनची पाटी लागली होती. हॉल खरंच मोकळा वाटत होता.

मग तिने मुलीकडे बघितलं. शाल्मली उभी होती ती शिकवल्यासारखीच, पोक काढून, खांदे गोल करून, मान पुढे टाकून. पाच मजल्यांचा भार तिच्या मानेवर वाकडा येत होता.

"शालू," वृंदा म्हणाली. "ताठ उभी राहा, बाळा. वाकलं की जास्त लागतं."

"तूच तर सांगायचीस वाकायला."

"आता ताठ राहा."

शाल्मलीने खांदे मागे घेतले, पाठ सरळ केली, मान वर उचलली. छतात कुठेतरी बारीकसा आवाज झाला आणि थांबला. वृंदा बघत राहिली. मुलगी चांगली उंच होती.